शेऱ्याची चौकट

यार्डात त्यांना सगळे ‘ठकठक’ म्हणायचे. मी काका म्हणायचो. ते मला पंडित म्हणायचे. या तीन नावांत स्वतःच्या कष्टाने मिळवलेलं नाव एकच होतं, ठकठक.

काका मालट्रक चालवतात. दहा चाकी. गाडी सुरू करण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारतात आणि हातातल्या लाकडी हातोडीने प्रत्येक टायर वाजवतात. दोन ठोके, मग कान खाली. चांगला टायर टणक वाजतो, हातोडी उसळून परत येते. आत काही बिघडलेलं असलं की आवाज बद्द येतो. मागची चाकं जोडीने असतात. बाहेरच्या चाकाआडच्या आतल्या चाकापर्यंत हातोडी पोचवायला गुडघे टेकावे लागतात. काकांच्या सगळ्या पँटींना गुडघ्यावर ठिगळं आहेत. ती काकू लावतात आणि लावताना बोलतात.

“तुमचा टायर कधी फुटला होता का?” मी एकदा विचारलं. एवढ्या काळजीमागे काहीतरी मोठी शोकांतिका असणार, अशी माझी खात्री होती.

“नाही.”

“कधीच नाही?”

“वाजवतो ना.”

मी निराश झालो होतो. तेव्हा मला शोकांतिका फार आवडायच्या.

मी साहित्याचा पदवीधर. पदवीनंतर चौदा ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक अर्जात ‘भाषेवर प्रभुत्व’ असं लिहिलं. तेरा ठिकाणांहून उत्तर आलं नाही. चौदावी ही माल वाहतुकीची कंपनी. तिथे प्रभुत्वाबद्दल कोणी विचारलं नाही. पहाटे उठता येतं का, एवढं विचारलं. मी हो म्हणालो. मला रवानगीची तीन नंबरची खिडकी मिळाली.

काम सोपं होतं. गाडी बाहेर पडण्याआधी चालक तपासणीचा कागद भरतो. त्यावर अठरा बाबी असतात: ब्रेक, दिवे, आरसे, टायर वगैरे. प्रत्येकीपुढे खूण करायची. तळाला एक रिकामी चौकट, वर लिहिलेलं ‘शेरा’. काही बिघाड दिसला तर तो तिथे लिहायचा. पांढरा कागद खिडकीवर द्यायचा, कार्बनखालची गुलाबी प्रत चालकाने ठेवायची. खिडकीवरच्याने कागद वाचायचा आणि संगणकात नोंद करायची. चौकटीत काही लिहिलेलं असेल तर मिस्त्रीची सही होईपर्यंत गाडी हलवायची नाही. हा कंपनीचाच नियम होता. भिंतीवर काचेत लावलेला. माझ्या डोक्याच्या बरोबर वर. म्हणजे माझ्याशिवाय सगळ्यांना दिसेल असा.

बहुतेक चालक अठराही खुणा एका रेघेत करायचे, वरून खाली, सुरा मारल्यासारख्या. आणि संगणकात एक बटण होतं: ‘सर्व ठीक’. ते दाबलं की एकेचाळीस गाड्या एका क्षणात तंदुरुस्त. माझ्या आधीच्या माणसाने मला पहिल्याच दिवशी ते दाखवलं. “एवढं आलं की तुला सगळं आलं,” तो म्हणाला. त्याच्या शिकवणीला मी जागलो.

उरलेल्या वेळात टेबलाखाली धरून कादंबऱ्या वाचायचो.

काका सगळ्यांत आधी यायचे. त्यांचा माल चढेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं असायची. खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून विचारायचे, “पंडित, कुठवर आलं?” मग मी गोष्ट सांगायचो. एकदा एका माणसाची गोष्ट सांगितली. तो एका बाईच्या आठवणीत तीनशे पानं झुरतो. काकांनी शांतपणे ऐकलं.

“तो काम काय करायचा?”

“ते लिहिलेलं नाही.”

“मग वेळ होताच की त्याच्याकडे.”

कॉलेजात चार वर्षं समीक्षा शिकलो. एवढी नेमकी ऐकली नव्हती.

प्रकार घडला तो एका मंगळवारी. त्या सकाळचं मला एवढंच आठवत होतं, की काकांना मी एका कादंबरीचा शेवट सांगितला होता आणि फार चांगला सांगितला होता. हातवारे करून. शेवटी काका म्हणाले, “अरेरे.” मला पुरस्कार मिळाल्यासारखं झालं. ते गेले.

सात वाजता यार्डात आरडाओरडा ऐकू आला. मॅनेजर तावातावाने बोलत होते. माल भरलेला ट्रक धक्क्याला उभा होता. शेजारी उलट्या क्रेटवर काका बसले होते. मांडीवर हातोडी.

“मिस्त्री बघेल, सही करेल, मग निघतो,” काका म्हणाले.

“मिस्त्री दहाला येणार. गिऱ्हाईक काय दहापर्यंत माझ्या नावाने जप करत बसणार?”

“मागचा डावा, आतला. बद्द वाजतोय साहेब.”

“संगणकात सर्व ठीक आहे!”

काकांनी एकदा माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी त्यांना धीर द्यायला मान हलवली. त्यांनी नजर वळवून हातोडी मांडीवर सरळ केली. मॅनेजरांनी किल्ली काढून घेतली आणि लंबूला दिली. लंबू हा दुसरा चालक, साडेसहा फुटी, कशालाही नाही न म्हणणारा. तो ट्रक घेऊन गेला आणि संध्याकाळी शीळ घालत परत आला. टायरला काहीही झालं नव्हतं.

तीन दिवसांनी काकांच्या हातात पत्र पडलं. ‘कामास नकार व हेतुपुरस्सर अडवणूक.’ नोकरी संपली. एकोणीस वर्षांची. चौकशी नाही, नोटीस नाही. आमच्या धंद्यात दुसरी कंपनी आधीच्या कंपनीचं पत्र मागते. हे पत्र दाखवलं की फाटकावरूनच परत. काका तीन फाटकांवरून परत आले.

“निदान लंबूचा टायर तरी फुटायला हवा होता,” मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरकलो.

“त्यात लंबू होता,” ते म्हणाले.

मग मी ठरवलं, की काकांचा दावा कामगार न्यायाधिकरणात जाईल आणि अर्ज मी लिहीन. चोरून, अर्थात. नोकरी माझीही त्याच कंपनीत होती. धैर्य होतं, पण नाव न घालण्याइतपत.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बस धुण्याची जागा दिसते. काकू शाळेच्या बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करतात. दिवसातून चार वेळा छत्तीस मुलं मोजतात. त्यामुळे त्या कोणाकडे बघू लागल्या की त्याला आपण मोजले जातोय असं वाटतं.

“बस,” त्या म्हणाल्या. “यांना घरी बसून पंधरा दिवस झाले. घरातलं एकही भांडं वाजवायचं ठेवलं नाही. परवा माझी पाठ वाजवून बघितली.”

“वाकली होतीस, म्हणून,” काका म्हणाले.

“आवाज कसा आला?”

“टणक.”

मला चहा दिला. कप जोरात आदळून. कपाची एक कड उडालेली होती. त्या घरी मी त्यानंतर आठ-दहा वेळा गेलो आणि दर वेळी तोच कप, दर वेळी तसाच आदळलेला. मला वाटायचं, घरगुती प्रेम आहे. आणि काकूंच्या हातात ताकद आहे.

न्यायाधिकरणाच्या फॉर्मवर अर्धं पान मोकळं होतं: ‘घडलेला प्रकार थोडक्यात लिहा.’ मी अकरा पानं लिहिली. रविवारी दुपारी त्यांच्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचून दाखवली.

“पहाट अजून धुक्याच्या कुशीत होती…”

“धुकं नव्हतं,” काका म्हणाले.

“असू द्या काका. वातावरण तयार होतं.”

“लख्ख उजाडलेलं होतं. धुकं असतं तर मी दिव्यांचं आधी बघितलं असतं.”

मी धुकं काढलं. थोडं दव राहू दिलं. मग सहाव्या परिच्छेदाकडे आलो. तो माझा आवडता परिच्छेद. काकांनी शेरा लिहूनही संगणकात ‘सर्व ठीक’ होतं, याचा अर्थ उघड होता: कंपनीने मागाहून नोंद बदलली. हे मी स्वतः शोधून काढलं होतं. मी खुर्चीवरून उठून वाचलं.

“ज्या हाताने ही खोटी नोंद केली, तो हात थरथरला कसा नाही? एका प्रामाणिक माणसाच्या पोटावर पाय देताना त्या हाताला लाज कशी वाटली नाही?”

काका खोकले. काकूंच्या हातातून झाकण पडलं आणि फरशीवर बराच वेळ गरगरत राहिलं. माझ्या लेखनाचा एवढा परिणाम आजवर झाला नव्हता. मी परिच्छेद पुन्हा वाचला.

“पोटावर पाय हाताने कसा देतात?” काकूंनी विचारलं.

“ते अलंकारिक आहे.”

“असेल,” काकू म्हणाल्या. काकांकडे पाहत राहिल्या.

“काका, गुलाबी प्रत लागेल. तोच आपला पुरावा.”

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली कोणीतरी बसच्या काचांवर पाणी मारत होतं.

“हरवली,” ते म्हणाले.

जो माणूस एकोणीस वर्षांच्या गुलाबी प्रती वर्षाप्रमाणे गठ्ठे करून पलंगाखाली ठेवतो, त्याची नेमकी हीच प्रत हरवते. मला यात काही विचित्र वाटलं नाही. एवढंच नाही, तर मी सातव्या परिच्छेदात ‘नियतीचा क्रूर खेळ’ असं एक वाक्य वाढवलं.

सुनावणी चार महिन्यांनी लागली. गुरुवारी. गुरुवारी वाहतुकीचे दावे असतात. मी दाढदुखीची रजा टाकली. मॅनेजर तिथे येणारच, म्हणून गालाला रुमाल बांधून गेलो. शेवटच्या बाकावर बसायचं आणि कोणी पाहिलंच तर कण्हायचं, असा बेत होता.

बाहेरच्या बोळात माणसं भिंतीला टेकून उभी होती. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी, पिशवीत कागद. पार्सल पोचवणारा एक जण हेल्मेट घालूनच उभा होता. एक कंडक्टर बाई मला म्हणाल्या, “माझी ही चौथी तारीख. तुमची?”

“पहिली.”

“आणि एवढ्यात सुजलं?” त्यांनी माझ्या गालाकडे बघत विचारलं.

आतली खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याचा तांब्या, दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. अध्यक्ष बाईंचा चष्मा दोरीला बांधलेला. हातात शिसपेन्सिल. एका बाजूला कंपनीचे वकील आणि मॅनेजर. दुसऱ्या बाजूला काका, इस्त्रीच्या शर्टात, ठिगळ नसलेल्या पँटीत. त्यांना ती पँट सहन होत नव्हती. काकू त्यांच्या मागे, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी शेवटी.

मॅनेजरांनी मागे वळून पाहिलं. मी कण्हलो.

“अर्ज अकरा पानी आहे,” अध्यक्ष बाई म्हणाल्या. “मी तीनदा वाचला. टायर चौथ्या पानावर येतो.”

कोणीतरी हसलं. मी रुमाल जरा वर ओढला.

“मुद्दा छोटा आहे,” त्या काकांना म्हणाल्या. “टायर खरंच खराब होता का, हे मला ठरवायचं नाही. ते आता सांगताही येणार नाही. कंपनीचा नियम असा, की चालकाने शेरा लिहिला तर मिस्त्रीच्या सहीशिवाय गाडी न्यायची नाही. तुम्ही लिहिला असेल तर तुम्ही नियम पाळलात. लिहिला नसेल तर तुम्ही काम नाकारलंत. लिहिला होता?”

“हो मॅडम.”

वकील उठले. गोड आवाजाचे होते. “पांढरे कागद दर महिन्याला रद्दीत जातात. पण संगणकाची नोंद आहे. त्या दिवशीची. खिडकी क्रमांक तीन, सकाळी सहा वाजून चार मिनिटं, ‘सर्व ठीक’. नोंद एकदाच झाली, नंतर कोणीही तिला हात लावलेला नाही. अर्जदाराने सहाव्या परिच्छेदात आमच्यावर खोटी नोंद केल्याचा आरोप केलाय. तोही फार… रसाळ भाषेत. त्यांनी तो सिद्ध करावा किंवा मागे घ्यावा.”

खिडकी क्रमांक तीन. सहा वाजून चार मिनिटं.

मी खरोखर विचार करू लागलो, की सहा वाजून चार मिनिटांनी तीन नंबरच्या खिडकीवर कोण असतं. काही क्षण मला कोणाचा चेहराच आठवेना.

मग आठवला. तो रोज सकाळी दाढी करताना दिसायचा.

“गुलाबी प्रत कुठे आहे?” अध्यक्ष बाई काकांना विचारत होत्या.

“नाही मॅडम.”

“तुमच्या प्रती हरवतात का?”

“एकोणीस वर्षांत नाही.”

“मग हीच कशी?”

काकांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. अध्यक्ष बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “मी अर्ध्या तासाने परत बसते. विचार करा. प्रत नसेल तर मला तुमच्यासाठी फार काही करता येणार नाही.”

बोळात मी काकांना गाठलं.

“काका, ती नोंद मी केली होती.”

“हळू बोल.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“कागद मीच तर तुझ्या हातात दिला. आणि तू तो न बघता ट्रेमध्ये टाकलास, तेही बघितलं.”

“मग तेव्हाच का नाही म्हणालात, वाच म्हणून?”

काका ओशाळले. हो, ते ओशाळले. “मीच तुला विचारलं होतं ना, शेवटी ती परत येते का. तू इतका रंगला होतास. म्हटलं, आधी ऐकू. मग ऐकता ऐकता मीही विसरलो.”

मी भिंतीला टेकलो. रुमाल सुटून गळ्यात आला होता.

“मग कंपनीत का नाही सांगितलं? पत्र आल्यावर?”

“मला वाटलं, चार दिवस रागावतील आणि बोलावतील. नाही बोलावलं. तोवर तुला लागून पाच महिने झाले होते, पंडित. तुझं नाव घेतलं असतं की तू घरी. माझं गेलेलंच होतं. दोघांना घरी बसवून एकाचं तरी घर चालतं का?”

“आणि सहावा परिच्छेद? तो मी दोनदा वाचला! उभा राहून!”

“मनापासून लिहिला होतास,” काका म्हणाले.

मागून काकूंचा आवाज आला. “पाच महिने चहा पाजतेय. म्हटलं, आज कळेल, उद्या कळेल. शिकलेला मुलगा आहे.”

“काकू, तुम्हालाही माहीत होतं?”

“माझ्या बसमधल्या बालवाडीच्या पोरांना कळलं असतं. खिडकीवर तूच, कागद तुझ्याचकडे, आणि चोर शोधतोयस साऱ्या गावात. कपाळावरचा चष्मा असा कोणी शोधला नसेल.”

“तू मधे पडू नकोस,” काका म्हणाले.

“पडणार. यांनी मला शपथ घातली म्हणून गप्प होते. शपथ न बोलण्याची होती, कागद न आणण्याची नव्हती.” त्यांनी पर्स उघडली. प्लास्टिकच्या पिशवीत चौघडी घातलेला गुलाबी कागद होता. तो त्यांनी काकांना दिला नाही. माझ्या हातात दिला.

“वाच,” त्या म्हणाल्या.

अठरा खुणा. प्रत्येक वेगळी, सावकाश केलेली. तळाच्या चौकटीत काकांचं ठसठशीत अक्षर: ‘मागचा डावा आतला टायर. आवाज बद्द. मिस्त्रीने बघावा.’ वर तारीख, वेळ सहाला दोन कमी.

तीन वाक्यं. त्यांत विशेषणं चार, आणि चारही लागणारी. चार वर्षं मी चांगलं गद्य कशाला म्हणतात ते शिकत होतो. ते रोज माझ्या खिडकीवर येत होतं. आणि मला वाचण्याचा पगार मिळत होता.

आत गेल्यावर मी हात वर केला. शाळेतल्यासारखा.

“कोण तुम्ही?” अध्यक्ष बाईंनी विचारलं.

“मॅडम, तो हात माझा आहे.”

“दिसतोय. खाली घ्या.”

“तो नाही. सहाव्या परिच्छेदातला.”

त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि परिच्छेद मोठ्याने वाचला. बातम्या वाचतात त्या आवाजात. तो हात थरथरला कसा नाही. त्या हाताला लाज कशी वाटली नाही. एकही शब्द गाळला नाही. मी उभा होतो. माझं लेखन पहिल्यांदाच अधिकृत जागी वाचलं जात होतं. बोळातून हेल्मेटवाला डोकावत होता.

“हा परिच्छेद लिहिला कोणी?”

“मीच.”

“म्हणजे तुम्ही स्वतःविरुद्ध तक्रार केलीत.”

“तेव्हा माहीत नव्हतं मॅडम.”

मॅनेजर पूर्ण वळून बसले. “तुझी दाढ दुखत होती ना?”

“थांबली,” मी म्हणालो.

मी गुलाबी कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं. कादंबरी, शेवट, हातवारे, ट्रे, बटण. वकील गोड आवाजात म्हणाले, “तुम्ही यांचे मित्र. आधी म्हणालात कंपनीने खोटी नोंद केली. आता म्हणता तुम्ही केली. यातलं खोटं कोणतं?”

“दोन्ही वेळा खोटं बोललो नाही. दोन्ही वेळा वाचलं नव्हतं.”

“हा कागद घरी बसूनही लिहिता येतो.”

तेव्हा काका पहिल्यांदा आपणहून बोलले. “त्याच्यावर नंबर छापलेला आहे साहेब. वहीतला. आधीचा आणि नंतरचा घरी आहेत. सगळेच आहेत. पलंगाखाली.”

“एकोणीस वर्षांचे,” काकू म्हणाल्या. “घेऊन जा एकदाचे.”

अध्यक्ष बाईंनी नंबर लिहून घेतला. मग मला विचारलं, “बाकीच्या गाड्यांचे कागद वाचायचात?”

इथे मला खोटं बोलायची फार इच्छा झाली.

“नाही मॅडम. रोज एकेचाळीस गाड्या. एक बटण.”

घड्याळ तेवढं वाजत होतं, दहा मिनिटं पुढे. त्या मॅनेजरांकडे वळल्या. “आणि हे बटण संगणकात ठेवलं कोणी?”

मॅनेजरांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तेव्हा माझी खुर्ची खिडकीबाहेर होती. त्यावर पाकीट. दोन ओळी. ‘उद्यापासून येऊ नये.’ आज तरी येऊ का, हे स्पष्ट नव्हतं. मी परत गेलो.

निकाल पाच आठवड्यांनी आला. काकांना त्याच जागी, त्याच पगारावर परत घ्यायचं. ते पत्र रद्द समजायचं, कोणालाही दाखवायचं नाही. आणि ‘सर्व ठीक’ हे बटण बंद करायचं. निकाल दीड पानाचा होता. माझ्या अर्जाबद्दल त्यात एक वाक्य होतं: ‘अर्जाचा बराचसा भाग प्रकरणाशी संबंधित नाही.’ समीक्षा अशी हवी.

काका कामावर परतले त्या दिवशी मी समोरच्या फूटपाथवर उभा होतो. आत जाता येत नव्हतं. साडेपाचला फाटकाआडून आवाज आला. ठक ठक. थोडं थांबून, ठक ठक. मी मोजले. दहा चाकांचे वीस ठोके. सगळे टणक. नंतर कळलं, तीन नंबरच्या खिडकीवर आता एक मुलगी आहे. काका तिला शेरा मोठ्याने वाचायला लावतात. काही लिहिलेलं नसलं तरी. “काही नाही,” असं तिला म्हणावं लागतं. मग ते निघतात.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. टेबलावर फॉर्म होता. न्यायाधिकरणाचा. कोरा.

“हा कोणाचा?”

“तुझा,” काका म्हणाले. “काढताना तुला विचारलं होतं का त्यांनी? नोटीस? चौकशी?”

“काय विचारायचं काका? चूक माझीच होती.”

“माझी चूक नव्हती, तरी मला विचारलं नाही. तुझी होती, म्हणून तुला विचारायला नको? विचारून मग काढायचं होतं. मीही काढलं असतं.”

“मीसुद्धा,” काकू ओट्यापाशी म्हणाल्या.

मी पेन उघडलं. “त्या सकाळी…” लिहिलं.

“दव घालू नकोस,” काका म्हणाले. “मी सांगतो तसं लिही. ‘मी कागद वाचले नाहीत. ही माझी चूक. मला काढण्याआधी कोणी काही विचारलं नाही. ती त्यांची चूक.’”

“बस?”

“अर्धंच पान आहे.”

सही करणार तोच काकूंनी फॉर्म ओढून घेतला. त्यांनी तो बोट ठेवून वाचला. वरची सूचना, माझं नाव, चार वाक्यं, खालची बारीक छपाई. छत्तीस मुलं मोजतात तसा. मग माझ्यापुढे सरकवला आणि चहा ठेवला.

कप तोच होता, कड उडालेला. पण आदळला नाही. मी उडालेली कड पलीकडे फिरवून घेतली आणि प्यायलो.